भिंतीतली धडधड

६ ऑक्टोबर
पोचले. डोंगरावरच्या खाणीच्या गारठ्यातून या उबदार खोऱ्यात उतरले आणि हाडंसुद्धा सुखावली. हे माझ्या नवऱ्याचं, साबिनोचं जन्मघर. मातीच्या विटा, गवताचं छप्पर, तो आठवून सांगायचा तसंच सगळं. शेजारीण फोर्तुनाता मक्याची दारू, चिचा, घेऊन आली. वरच्या गावच्या बायका सुकवलेल्या मांसासारख्या चिवट असतात असं ऐकलं होतं, ते खरंच निघालं म्हणाली. साबिनो गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

९ ऑक्टोबर
भिंतीच्या भेगांत विंचुका आहेत. चपटे किडे, कडेला पट्टे. निजलेल्या माणसाचं रक्त पितात आणि रोग मागे ठेवतात. साबिनोला तो इथेच लहानपणी लागला आणि जन्मभर हृदयात बसून राहिला. शेवटी शेवटी दोन ठोके, थांबा, एक ठोका. त्या थांब्यात मी श्वास धरून ठेवायची. खाणीच्या थंडीत हे किडे जगत नाहीत, म्हणून माझं रक्त स्वच्छ आहे.

१५ ऑक्टोबर
आरोग्य केंद्रातली योलांदा डबीत किडे पकडून घेऊन गेली. मी शाळा पाहिली नसली तरी मिळेल ते वाचते, म्हणून खोदून विचारलं. तिने सांगितलं, हा जंतू एकच नाही, त्याची घराणी आहेत, मुलखामुलखाला निराळी. साबिनोच्या रक्तातले जंतू शहरातल्या इस्पितळात जपून ठेवले आहेत, त्यांच्याशी ताडून पाहणार. तीन नोव्हेंबरला घर फवारतील. तोवर मच्छरदाणीत झोपायचं; रोग लागला की आधी एक डोळा सुजतो, मग ताप येतो म्हणाली.

२८ ऑक्टोबर
जुळलं. योलांदाने पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं. साबिनोच्या अंगात जे राहत होतं त्याचं घराणं या भिंतीत सापडलं, आणखी कुठेच नाही. त्याच्याबरोबर सगळं पुरलं असं मी समजत होते.
दिवसभर भिंतीला पाठ लावून बसले. भिंत उबदार होती.

१ नोव्हेंबर
मृतांचा सण. मेजावर बाळाच्या आकाराचे पाव, चिचा, त्याचं शेंगदाण्याचं सार. दुपारी आत्मा येतो, माशी होऊन, किडा होऊन. मेजावर बसेल त्याला मारायचं नसतं.
भर उन्हात विंचुका आली. पावाच्या बाळाच्या तोंडावर बसली. फोर्तुनाताने चप्पल उगारली, मी तिचा हात धरला.
“वेड लागलं का गं? हा काय तुझा नवरा?”
म्हटलं, दिवसा न निघणारा किडा दुसऱ्या कशाला येईल? ती छातीवर क्रुसाची खूण करून निघून गेली. पावाला शिवलीसुद्धा नाही.

२ नोव्हेंबर
आज दुपारी आत्म्याला निरोप द्यायचा. मी मेजावरचं काही उचललं नाही. भिंतीला कान लावला. दोन ठोके — थांबा — एक.
मच्छरदाणी चुलीत घातली.

३ नोव्हेंबर
फवारणीवाले आले. दार उघडलं नाही. योलांदा बाहेरून विनवत होती, मावशी, निदान तुम्ही तरी बाहेर या. रडली बहुतेक. इतकी वर्षं कुणी माझ्यासाठी —
नाही उघडलं.

१० नोव्हेंबर
डावा डोळा सुजून मिटला. दुखत नाही. फोर्तुनाता येत नाही. सार दोघांपुरतं करते.

१४ नोव्हेंबर
ताप. भिंत गप्प. कान लावला तरी गप्प — मग उशीत — नाही, उशीत नव्हे. माझ्याच छातीत. दोन ठोके — थांबा — एक. साबिनो, आलास —
थांबा लांबतो आहे. श्वास धरून बसले आहे, अजून —