यंत्र बाजूला केल्यावर

मॅडम,

गेल्या आठवड्यात मी एका माणसाचं पोट उघडलं. तुम्ही असता तर ते उघडावं लागलं नसतं, हे मला टाके घालतानाच कळत होतं.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आमच्या थिएटरमध्ये काय आलंय ते आधी सांगायला हवं. रोबोट आलाय. लहान छेदांतून यंत्राचे हात पोटात जातात आणि मी कोपऱ्यात बसून, एका खिडकीत डोळे घालून ते हलवते. पित्ताशय तळहातावर ठेवल्यासारखं दिसतं, जवळ-दूर सगळं कळतं. माझा हात थरथरला तरी यंत्राचं टोक थरथरत नाही. फक्त ताण कळत नाही. किती ओढलं ते डोळ्यांनीच ओळखायचं.

तुमच्या स्वयंपाकघरात मी दुर्बिणीचं ऑपरेशन शिकले, ते नेमकं उलटं. खोक्याला छिद्रं पाडून आत शहपुऱ्याचा मटार ठेवलेला, छोटा कॅमेरा सोडलेला, घरातला टीव्ही ओट्यावर आणलेला, आणि बाहेरून काका, तुमचे यजमान, ओरडतायत, "मॅच सुरू होऊन राहिली, टीव्ही द्या माझा!" मी लांब चिमट्यांनी शेंगा सोलते आहे. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं, सपाट पडद्यावर खोली कळत नाही. एक दाणा चिरडतो. तुम्ही माझ्या मनगटावर बोटं ठेवता. "काहून घाई करून राहिली? नुसती पडद्यात नको पाहू. ताण हाताले कळू दे. चलो, फिर से." तेव्हा तुमचा राग यायचा. पुढे कितीतरी वर्षं मी त्याच हातांवर जगले.

ज्याचं पोट उघडलं तो माणूस खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातला. पित्ताशय सुजून आजूबाजूला चिकटलेलं. यंत्रावर माझी ज्युनिअर होती, फार सफाईदार काम करते. मध्येच यंत्राचा एक हात अडला, पुन्हा सुरू होईना. यंत्र बाजूला केलं आणि त्याच छेदांतून साधी दुर्बीण घातली. ज्युनिअर टेबलापाशी उभी राहिली, चाचपडली आणि हळूच म्हणाली, "मैडम, गहराई समझ नहीं आ रही." ती रोबोटवरच शिकली, साधी दुर्बीण मीच तिच्या हाती फारशी दिली नव्हती. मी पुढे झाले. आणि मॅडम, मलाही जमलं नाही. हातांना आठवत होतं, पण उशिरा. चिमटा जरा जास्त ओढला गेला, रक्त आलं, दिसेनासं झालं. मी पोट उघडायचं ठरवलं. रक्त थांबलं, पित्ताशय निघालं, माणूस वाचला. निर्णय बरोबरच होता, त्या क्षणी तुम्हीही तोच घेतला असता. फक्त तुमच्यावर तो क्षण आला नसता.

राऊंडला गेले तेव्हा तो बरगडीखालच्या पट्टीवर हात ठेवून पडला होता. "लहान लहान छेद म्हणाल्या होत्या नं तुम्ही? आता ड्यूटीवर कधी जाऊ?"

"आत खूप चिकटलेलं होतं," मी म्हटलं. "थोडा वेळ लागेल."

हे खरंच होतं. त्यानं हात जोडले. शेजारी उभी असलेली ज्युनिअर माझ्याकडे बघत राहिली.

हे कुठे पाठवू? तुमच्या दारावर आता दुसऱ्या कुणाची पाटी आहे. तुम्हाला वाटेल, मी यंत्रावर रागावले असेन. नाही. ते दुरुस्त झालंय, उद्या सकाळी पुन्हा त्याच्यावर काम आहे, आणि खरं सांगू? मी सकाळची वाट पाहते आहे.