मंगळवारचं फोल्डर

२८ एप्रिल २००७

डोकं फिरलंय नुसतं! माझ्या मैत्रिणीचा, दिपालीचा फोन आला होता. रडत होती. तिच्या हळदीचे फोटो भिवंडीत, निजामपुऱ्यात कुणाकुणाच्या कॉम्प्युटरवर फिरतायत. ओले केस, मामीच्या गळ्यात पडून हसतेय ती — आणि बघतायत परके पुरुष! ज्या स्टुडिओने फोटो काढले त्याने जुना कॉम्प्युटर विकला. म्हणे, "फॉर्मॅट मारला होता की." घेणाऱ्याने कसलंसं सॉफ्टवेअर चालवून सगळे फोटो परत वर काढले.

आणि आम्हीही स्टुडिओवालेच! अख्ख्या अंजूरच्या लेकीसुना आमच्या हार्ड डिस्कमध्ये आहेत.

२९ एप्रिल

दुकानात नवा कॉम्प्युटर आलाय, गिऱ्हाइकांचं सगळं काम त्यावर घेऊन झालं. जुना धनेशदाजींच्या गोदामात जाणार, तिथे ऑफिसला वापरणार. प्रितमला — आमचे धाकटे बंधुराज — म्हटलं, डिस्क नीट पुसल्याशिवाय दाराबाहेर जाणार नाही. तर म्हणतो, "फॉर्मॅट मारतो ना, ताई. कोण बघतंय!"

कोण बघतंय? दिपालीला विचार जा!

फॉर्मॅट म्हणजे वहीतलं अनुक्रमणिकेचं पान फाडायचं. बाकी वही तशीच. खरं पुसायचं तर डिस्कच्या प्रत्येक जागेवर शून्य लिहावं लागतं, आणि एकदा नाही, तीनदा. त्याची सीडी मी भिवंडीहून आणलीय.

१ मे, मंगळवार

"ताई, तू जा जेवायला. सावकाश ये." दर मंगळवारी याला माझ्या पोटाची एवढी काळजी का?

३ मे

आता कळलं! डिस्कमध्ये एक फोल्डर आहे — नाव 'मंगळवार'. विचारलं तर कान लाल. "माझं आहे. हात लावू नको. सीडीवर घेतो, मग पूस."

"काय आहे त्यात?"

"तुला काय करायचंय?"

दुपारी मला घरी पिटाळायचं आणि एकट्याने दुकानात बसून बघायचं! लाज कशी वाटत नाही! लोकांच्या मुली विश्वासाने समोर बसतात. मी उघडलंसुद्धा नाही. शी! आईला सांगितलं तर म्हणे, "जाव दे गो, पोर हाय." पोर! सव्वीस वर्षांचा घोडा झालाय!

५ मे

स्वारी शूटिंगला शहापूरला गेली, मंगळवारी रात्री येणार. सीडी केलीच नाही. मग मी का थांबू? लावलं पुसायला. दुसऱ्या फेरीत लाइट गेली. हे लोडशेडिंग! सगळं पहिल्यापासून.

६ मे

तिन्ही फेऱ्या पूर्ण. तेच वर काढायचं सॉफ्टवेअर चालवून बघितलं — एक फोटो नाही, एक अक्षर नाही. कोरी करकरीत! दिपालीला फोन केला. म्हणाली, "विनिता, तू होतीस तिथे म्हणून. माझ्या नशिबात नव्हती तुझ्यासारखी." मला भरून आलं.

७ मे

दाजींचा माणूस कॉम्प्युटर घेऊन गेला. प्रितम येऊ दे. चांगली खरडपट्टी काढणार आहे. तोंड वर करून बोलायची सोय ठेवली नाही मी!

८ मे, मंगळवार

दुकानात एकटीच होते. दुपारी भागी आली, पाड्यावरची. गेल्या वर्षी गोदामाच्या पत्र्यावरून पडून गेला त्या जिव्याची बायको. मंगळवारच्या बाजाराची पाटी दाराशी ठेवली, पाय पुसले आणि सरळ आत येऊन स्टुलावर बसली.

"प्रितमदादा न्हाय?"

म्हटलं, नाही. काय हवंय?

"दर मंगलवारी दावतो ना तो. जिव्याला. लग्नात तारपा वाजवत व्हता, तवा दादानं शूटिंगमधी घेतलाय. वाजवतो, मंग मागं बघून हसतो." स्वतःच हसली. "दादाला बोल्ले व्हते, कोनाला सांगू नको. लोक हसतील, मेलेल्या नवऱ्याला बघाया जाते म्हून."

घरात टीव्ही नाही, सीडी लावायला काही नाही. म्हणून ती इथे येते.

तोंडातून एवढंच निघालं — लाइट नाही गं.

खरंच नव्हती.

"बसते मी," म्हणाली. "येल लाइट."

मी आत येऊन हे लिहितेय. ती बाहेर बसलीय, नव्या कॉम्प्युटरकडे तोंड करून. लाइट अडीचला येते.