कडीचं गाणं

३ मार्च

चि. भोंग्यास अनेक आशीर्वाद.

तुझं गाणं ऐकलं. चष्म्याच्या दुकानात मी एका आजोबांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावत होते, तेवढ्यात मालकांनी रेडिओ मोठा केला आणि म्हणाले, तुमच्या भावाचं लागलंय. चाल फार गोड आहे रे. पाळण्यात भोंगा वाजवून अख्खी आळी डोक्यावर घ्यायचास, त्याचं चीज झालं म्हणायचं.

पण ‘कडी लावली नाही अजून, तो आला तर ठोठावायला नको’ ही ओळ माझी आहे. तुझे भावोजी घर सोडून गेले तेव्हा मी ती तुला लिहिली होती, तुला एकट्याला. ध्रुवपद कर म्हणून नव्हे. आईला यातलं काही ठाऊक नाही, मुलाने नाव काढलं म्हणून ती सगळ्यांना सांगत सुटलीय. मी मात्र चार दिवस मान खाली घालून दुकानात जातेय. पुन्हा असं करू नकोस, एवढंच सांगणं.

लोभ आहेच, तो सांभाळ.
ताई

१४ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

अगं, राईचा पर्वत किती करशील! गीत, संगीत, निर्मिती, सगळीकडे माझंच नाव छापलंय, तेव्हा लाज वाटायची तर मला वाटेल. तुला एक गंमत सांगतो. गायिकेच्या आवाजात काही केल्या रडू उतरेना. एकोणीस वर्षांची पोर, तिला काय ठाऊक नवरा जाणं म्हणजे काय! शेवटी तुझं ते पत्रच तिच्यासमोर स्टँडवर लावलं. तिने च्युइंगम थुंकलं, पत्र वाचलं आणि पहिल्याच टेकला काम फत्ते. काचेपलीकडे आमचा रेकॉर्डिस्टसुद्धा डोळे पुसत होता.

आता कंपनीला अख्खी रेकॉर्ड हवीय, आठ गाण्यांची. आणि तू मला चष्म्याच्या काड्यांबद्दल लिहितेस! भावोजी गेले तेव्हा किती छान लिहायचीस. जरा मनातलं लिही, हातचं राखू नकोस.

आईला नमस्कार. लोभ वाढावा, पत्रंही वाढावीत.
तुझा भोंगा

२ मे

चि. भोंग्यास आशीर्वाद.

गाणं कोणावरून केलंय ते इथे सगळ्यांना कळलंय. भाऊ तू, नवऱ्याने टाकलेली मी, दोन आणि दोन चार करायला मास्तर लागत नाही. गेला महिनाभर कोपऱ्यावरची टारगट माणसं जाता-येता दार ढकलून बघतात. मी कडी तर लावतेच, वर नवा बोल्टही ठोकून घेतलाय.

परवा दुपारी मी दुकानात असताना चौघांनी दार धडाधडा बडवलं आणि बाहेर उभं राहून तुझं ध्रुवपद गायलं. आई घाबरून उठली आणि पडली. खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात, या वयात हाडापेक्षा छातीची काळजी. ती सारखी दाराकडे बघते आणि तू कधी येणार म्हणून विचारते.

मी आत्ता रागावत नाही, रागवायला पुढे वेळ आहे. तू ये. आणि हे पत्र गाण्यासाठी नाही. वाचून फाडून टाक.

तुझी वाट बघणारी,
ताई

९ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून घास गिळवला नाही. पण निघणं अशक्य आहे. सहा गाण्यांचं मिक्सिंग चालू आहे आणि माझी पाठ वळली की रेकॉर्डिस्ट सगळ्याचा विचका करतो. महिनाअखेर नक्की येतो. आईला म्हणावं, तोवर धीर धर.

एक विचारू? पडल्यावर आई पहिलं काय बोलली? हाक तुला मारली की मला? गैरसमज नको, सहज विचारतोय. ‘दाराकडे बघते’ हे मात्र फार सुंदर लिहिलंयस.

लोभ कमी करू नकोस.
तुझा भोंगा

२० जून

ती. आईस सा. न. वि. वि. (ताईने वाचून दाखवावं.)

ताई माझ्यावर रुसलीय, इतके दिवस तिचं पत्र नाही. तिला म्हणावं, धाकट्यावर इतका राग बरा नव्हे. महिनाअखेरचं येणं राहूनच गेलं, कारण मध्येच कडीच्या गाण्याला पुरस्कार जाहीर झाला. समारंभात मी तुझं नाव घेतलं तेव्हा टाळ्या थांबेनात. तुझ्यासाठी मऊ शाल घेऊन ठेवलीय. चालायला लागलीस का? पुढच्या आठवड्यात येतो, अगदी नक्की.

तुझ्या मायेचा धनी,
भोंगा

२७ जून

चि. भोंग्यास,

तुझं पत्र वाचून दाखवायला कोणी नाही. आई सोळा मेला गेली. छातीत कफ भरला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं.

तुला मुद्दाम कळवलं नाही. तार करायला गेले होते. खिडकीशी उभी राहून चार शब्द लिहिलेही, आणि मला ते तुझ्या गायिकेच्या स्टँडवर दिसायला लागले. कागद फाडून घरी आले. त्यानंतर सहा आठवडे तू जिवंत आईचा मुलगा म्हणून हिंडलास. मी बघत होते, आपणहून कधी येतोस ते. नाही आलास.

ताई

४ जुलै

ताई,

असं कोणी वैऱ्याशीसुद्धा वागत नाही! मी हसत टाळ्या घेत होतो तेव्हा आई नव्हती, आणि तुला ते माहीत होतं. तीन दिवस स्टुडिओ बंद आहे. नुसता रडतोय. आता तिकडे येऊ तरी कोणासाठी?

फक्त एक सांग, तुझ्या पाया पडतो. जाताना ती काय म्हणाली? माझ्यासाठी काही बोलली का? त्याचं गाणं करणार नाही, आईची शपथ. तेवढं एक वाक्य दे. त्याच्यावर मी उरलेलं आयुष्य काढीन.

भोंगा

१५ नोव्हेंबर

भोंग्या,

मी उत्तर दिलं नाही, तर तू ते स्वतःच लिहिलंस. आज दुकानात नवं गाणं ऐकलं. जाताना आई म्हणते, ‘लेकरा, होतास तिथूनच मला ऐकू आलास.’ चाल पहिल्यापेक्षाही गोड आहे. नंबर काढायला आलेल्या बाईंच्या डोळ्यांना इतकं पाणी आलं, की तपासणी अर्धवट सोडावी लागली. मलाही आलं, खोटं कशाला बोलू.

आई असं काही बोलली नाही. पण ती बोलली, आणि तुझ्याबद्दलच बोलली. एकच वाक्य होतं. तिच्या उशाशी फक्त मी होते. तू शपथ घेतलीस म्हणून जुलैत मी ते तुला लिहायला बसले होते. चार दिवस कागद पुढ्यात होता, हात धजेना. बरं झालं.

आता तुझं वाक्य जगाला पाठ झालंय. आईचं माझ्याजवळ राहील, आणि माझ्याबरोबर जाईल. ते मायेचं होतं की शापाचं, हेसुद्धा मी तुला सांगणार नाही.

लोभ पुरे.
ताई