सोफ्याचे पोट आणि डिग्रीचा भाव

मी, खाली सही करणारी, सोफे-खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपची मालकीण, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र शुद्धीत, खुशीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपणाखाली येणे मला जमत असते तर हे वर्कशॉप उभेच राहिले नसते. माझे मन ठणठणीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिले नाही.

१. वर्कशॉप, त्यातील शिलाईयंत्रे, कापडाचे तागे व चालू करार माझ्या नातीस, म्हणजे थोरल्या मुलाच्या मुलीस द्यावेत. तिचे शिक्षण होईपर्यंत आमच्या जुन्या मिस्त्रींनी ते सांभाळावे आणि त्यांचा पगार एक महिनाही थकू नये. माझ्या बचतीतून मिस्त्री व इतर कारागिरांची देणी आधी द्यावीत. उरेल ते थोरल्याचे.

२. माझ्या यजमानांचा चुंबकाचा हातोडाही नातीसच द्यावा. यजमान तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून त्या हातोड्याच्या चुंबकाने एकेक उचलत काम करत, त्यामुळे आमच्या भांडणांत बहुतेक वेळा मीच बोलले. मला चाळिशीला टेकल्यावर व्यवसायाची डिग्री करायची होती आणि कर्जाला जामीन हवा होता. घरातल्या सगळ्यांनी हात वर केले. यजमानांनी चुका तळहातावर काढल्या, "कुठे करू सही?" एवढेच विचारले, सही केली आणि चुका पुन्हा तोंडात टाकल्या. त्या हातोड्याची किंमत कोणी करू नये.

३. लाल कापडाचे पायस्टूल. याची हकिकत लिहिणे भाग आहे. माझे दीर दुकानाच्या पुढे बसून गिऱ्हाइकांना भाव सांगत. आमच्या धंद्यात सोफा उलटा करायचा, खालचे कापड फाडायचे, पोट उघडायचे आणि मगच भाव सांगायचा, असा शिरस्ता आहे. भाऊजी नुसते बघून सांगत. एकदा त्यांनी लग्नाच्या हॉलचे सगळे कोच असेच अंगावर घेतले आणि आतून निघाला भुसा; सगळे पदरच्या पैशाने नव्याने भरावे लागले. तरी माझ्या डिग्रीचा भाव त्यांनी तसाच सांगितला: "वहिनी, पदवीधराचा पगार एवढा, हप्ता एवढा. तुम्ही म्हाताऱ्या व्हाल, कर्ज तरुणच राहील!"

पहिली काही वर्षे त्यांचे खरे ठरले, हे मी मान्य करते. हप्ता भरता भरता नाकी नऊ आले. दर महिन्याला भाऊजी दारात उभे राहून विचारत, "काय मॅनेजरबाई, कितवा हप्ता?" मग नाट्यगृहाच्या खुर्च्यांचे काम निघाले. बाकीचे दुकानदार एकदम सगळ्या खुर्च्यांचा भाव देत होते आणि नाट्यगृहाकडे एकदम एवढे पैसे नव्हते. मी म्हटले, दर महिन्याला दोन रांगा करू, शेवटची रांग झाली की पहिलीकडे परत येऊ. नाटक एक दिवस बंद राहिले नाही आणि आमच्याकडे दर महिन्याला पैसा येऊ लागला. हे मी वर्गात शिकले होते, आणि ते काम आजही आमच्याकडे आहे! शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी नाट्यगृहाच्या खुर्च्यांच्याच लाल कापडाचे पायस्टूल मी भाऊजींना पाठवले. छान आहे असे ते कधी म्हणाले नाहीत, पण अखेरपर्यंत पाय त्यावरच ठेवले. जाऊबाईंनी ते मला परत दिले आहे. ते कोणाला द्यायचे ते शेवटी लिहीन.

४. राहते घर थोरल्यास द्यावे. मात्र नातीच्या शैक्षणिक कर्जावर जामीन म्हणून त्याने सही केली असेल तरच. न केल्यास घर विकून येणारे पैसे कारागिरांच्या मुलांच्या फीसाठी वापरावेत.

ही अट रागाने घातलेली नाही. (थोडी रागाने घातली आहे.) फी मी भरते म्हणाले, तर नात म्हणाली, "आजी, तुझ्या पैशानं शिकले तर मला त्याचा भाव कसा कळणार?" थोरला मात्र कर्जाला जामीन राहायला तयार होईना. "आई, तुझ्या हप्त्यांत मी मोठा झालोय. बूट मागितले की 'पुढच्या महिन्यात' ऐकायचो. माझ्या पोरीच्या मानेवर तेच जू मी ठेवणार नाही." ते बूट मला अजून आठवतात.

उत्तर नातीने दिले. बड्या कॉलेजच्या माहितीपत्रकात पगाराचा एक भला मोठा आकडा होता. तिने तिथून बाहेर पडलेल्या मुलामुलींना गाठून विचारले. तो पगार एकाच पोराचा निघाला. बाकीचे बरेच जण, आज तिला डिग्रीशिवाय मिळेल तेवढ्यावरच होते आणि वर कर्ज. तिने त्या कॉलेजचा नाद सोडला, निम्म्या फीचे साधे कॉलेज धरले आणि दुपारनंतर वर्कशॉपमध्ये काम करायचे ठरवले. "बाबा, पोट उघडून बघितलंय मी. सगळ्यात कमी पगार धरला तरी हप्ता निघतो." थोरला उठून गेला. म्हणून ही अट.

५. माझ्या फोटोला हार घालू नये. फोटो कापणीच्या टेबलासमोर लावावा, म्हणजे कापड वाया घालवताना जरा लाज वाटेल.

६. दुरुस्ती. आज सह्यांपूर्वी थोरला हा मसुदा वाचायला आला. चौथ्या कलमापाशी थांबला, खिशातून बँकेचे कागद काढले आणि टेबलावर ठेवले. जामिनाच्या रकान्यात त्याची सही होती, गेल्या आठवड्यातली. "तुझी अट कळायच्या आधीची आहे," म्हणाला, "तारीख नीट बघ." मी बघितली, दोनदा बघितली, आणि साक्षीदारांदेखत रडले. चौथ्या कलमातील अट मी खोडली आहे. घर त्याचेच.

मग त्याने विचारले, "आणि ते स्टूल?"

"तुला हवंय?"

"हवंय. त्यावर पाय ठेवून दर महिन्याला विचारणार तिला, कितवा हप्ता."

नात कापड कापत होती. मान वर न करता म्हणाली, "विचारा की. शेवटच्या हप्त्याला दुसरं शिवून देईन."

लाल पायस्टूल थोरल्यास द्यावे. दुसऱ्यासाठी लागणारे कापड मी आजच बाजूला काढून ठेवले आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि मला तो फार आवडला.

सही: वर्कशॉपची मालकीण

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. समोरच्या दवाखान्यातील डॉक्टर
२. नाट्यगृहाचे व्यवस्थापक

स्थळ: वर्कशॉप, कापणीचे टेबल
दिनांक: नातीच्या कॉलेजचा पहिला दिवस, सकाळी, ती निघण्यापूर्वी