डाव्या हाताचा नियम

नाशिक, गुरुवार

प्रिय मालन,

अनेक आशीर्वाद. तुझी वही काल टपालाने मिळाली. बाराही गणितं तपासली आणि डोक्याला हात लावून बसलो. तारेतून वीज किती वाहते ते बरोबर काढलंस. चुंबकाजवळच्या तारेवर जोर किती, तो आकडाही दशांशापर्यंत बरोबर. आणि दिशा? तार वर उचलली जायची तिथे तू ती खाली दाबलीस, पूर्वेची पश्चिमेला नेलीस. एखादी चुकली तर समजू शकतो, सगळ्याच उलट्या कशा येतात गं? नुसतं अंदाजाने ठोकलं असतंस तरी निम्म्या बरोबर आल्या असत्या.

गेल्या वर्षी इंटरला फिजिक्समध्ये पाच मार्कांनी राहिलीस. यंदा राहिलीस तर तुझी झुंबरआत्या गप्प बसायची नाही. सटाण्याचं स्थळ तिने धरूनच ठेवलंय. मग डॉक्टरकीचं नाव या घरात कुणी काढायचं नाही. सोमवारी पेपर, आणि तू अजून तारा उलट्या हलवतेस.

माझंच चुकत नाही ना म्हणून आज शाळेत बॅटरी, तार आणि चुंबक मांडून पाहिलं. तार मी म्हणतो तिकडेच हलली. तेव्हा कुठे तुझ्या वहीच्या समासातलं पेन्सिलीचं चित्र नजरेस पडलं. तार कुठे हलेल ते बघायला धरायची ती तीन बोटं काटकोनात, अगदी पुस्तकातल्यासारखी, फक्त हात उजवा, म्हणून प्रत्येक दिशा उलटी. नियमाच्या नावातच कुठला हात ते सांगितलंय, तरी तू हातातला टाक खाली ठेवून उजवाच पुढे करतेस. कमाल आहे तुझी.

तणतणत घरी आलो आणि वही तुझ्या आईपुढे टाकली. तिला फिजिक्समधलं ओ की ठो कळत नाही. चित्र बघून ती एवढंच म्हणाली, की पोरीला डावा हात ठेवलात कुठे तुम्ही. मग भाजी निवडायला निघून गेली.

पाच वर्षांची होतीस. दसऱ्याला पाटीपूजनात तू डाव्या हाताने श्री काढलास, म्हणून मी तो हात महिनाभर उपरण्याने पाठीशी बांधून ठेवला. जेवतानासुद्धा. चांगल्या कामाला डावा हात लावायचा नाही, हे तुझ्याकडून रोज घोकून घेतलं. मी, विज्ञानाचा मास्तर. तू रडली नाहीस, आणि पुढे तो हात पदराखालीच ठेवू लागलीस. मुलीला वळण लागलं म्हणून मी चारचौघांत मिरवलं.

सोमवारी डावा हात खुशाल बाकावर ठेव. बोटं उघड धर, कुणी बघितलं तर बघू दे. आणि त्या हाताने लिहावंसं वाटलं, तर लिही. खरं म्हणजे गणितांसाठी हे पत्र लिहायला घेतलंच नव्हतं. तुझी माफी मागायची होती, ती मागता येईना म्हणून दोन पानं तुझ्यावरच चिडलो. मालन, त्या बारा चुका माझ्या आहेत.

तुझाच,
अण्णा