शंभर वाचकांची खोली

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
त्या ॲपवाल्यांनी माझं खातं बंद केलं. कारण दिलंय: एकच लिंक पुन्हा पुन्हा टाकणे. मी लिंक टाकतो कुठे? जिथे माणसं जमलेली असतात तिथे. काल तीन वाढदिवस, एक हरवलेलं मांजर आणि एक दुःखद निधन. निधनाखाली तर माझा 'जाणं अटळ आहे' हाच लेख टाकला होता, विषयाला धरून. त्यावर घरच्यांपैकी कोणीतरी रागावलेला चेहरा टाकला. तो नियतीवरचा राग असणार.

काल माझ्या 'जीवनप्रवाह' ब्लॉगवर वाचक २१२. आज ११. लेक म्हणाली, बाबा, त्यातले नऊ तुम्हीच आहात.

तीस वर्षं पाणीपुरवठ्यात मीटर इन्स्पेक्टर होतो. अख्खा वॉर्ड एका मेन लाइनवर ठेवला की एक दिवस ती फुटते आणि लोक रिकाम्या बादल्या घेऊन ऑफिसात येतात, हे मला कोणी शिकवायला नको. संकल्प: यापुढे एकाच प्लॅटफॉर्मवर विसंबायचं नाही. पाच लाइनी टाकायच्या. ईमेलपत्र, पत्रकं, सर्च, दुसऱ्यांच्या साइटवर लेख. पाचवी सुचली की लिहीन.

त्याच दिवशी, संध्याकाळी
हिने नेमका आजचाच मुहूर्त साधला. मागची खोली शिलाई मशीनला हवी म्हणते. मशीन पॅसेजमध्ये आहे, गिऱ्हाइकं बाथरूमच्या दाराशी स्टुलावर बसतात, मी बाथरूमला निघालो की त्यांना उठावं लागतं. मी म्हटलं, मागची खोली हे माझं ऑफिस आहे. ही म्हणाली, ऑफिस असतं तर तिथे कोणीतरी आलं असतं.

लेकीने मध्यस्थी केली. ठरलं ते असं: ३१ मार्चच्या आत सलग सात दिवस, रोज शंभर वाचक. जमलं तर खोली माझी, कायमची. नाही जमलं तर मशीन आत, मी बाहेर. लेकीने मोजदादीत काहीतरी करून ठेवलंय, आता मी स्वतः कितीही वेळा उघडलं तरी आकडा हलत नाही. हा अविश्वास मला लागला. पण सही केली.

५ मार्च, गुरुवार
पहिली लाइन सुरू. निवृत्त कर्मचाऱ्यांची जुनी यादी होती, १६४ जणांना ईमेलपत्र पाठवलं. 'मन नावाची टाकी' हा लेख सबंध, वर माझा फोटो. एकशे सदोतीस पत्ते बंद पडलेले निघाले. तिघांची उत्तरं आली. एकाने कळवलं की वहिनी गेल्या. एकाने विचारलं, हे काय आहे. तिसऱ्याच्या नळाला मंगळवारपासून पाणी नाही. त्याला तीन पानी उत्तर लिहिलं.

वाचकांशी संवाद सुरू झाला हे महत्त्वाचं. आज वाचक ४.

८ मार्च, रविवार
पत्रकांची लाइन. दोनशे पत्रकं, मध्ये चौकोनी कोड, मोबाइल धरला की थेट 'जीवनप्रवाह'. न्हाव्याच्या दुकानात आरशाशेजारी लावलं. अर्धा तास तिथेच बसून पाहिलं. गिऱ्हाईक कोडकडे टक लावून बघतं, पण त्याचे दोन्ही हात कापडाखाली असतात. कापड निघालं की तो मान झटकून चालू लागतो. न्हाव्याला सुचवलं की मध्येच एक हात मोकळा करावा. तो म्हणाला, तुम्हीच बसा खुर्चीत आणि करून दाखवा. कटिंग करून आलो. महिन्यातली दुसरी.

समोरच्या निवृत्त हेडमास्तरांनाही एक दिलं होतं. संध्याकाळी त्यांनी लाल पेनने तपासून परत आणून दिलं. खाली शेरा: 'आशय स्पष्ट करा.'

११ मार्च, बुधवार. दुपारी ३
लेक म्हणते, सर्चमधून माणसं हवी असतील तर त्यांची अडचण काय आहे ते बघा, ती सोडवा, आणि मथळ्यात तेच साध्या शब्दांत लिहा. म्हणजे मी जगण्यावरचं चिंतन सोडून दुकान टाकायचं! मी तिला समजावलं की लोकांना आपली अडचण काय आहे तेच माहीत नसतं. ती फोन आला म्हणून उठली. फोन वाजलेला मी ऐकला नाही.

'दाब आणि माणूस' आज पुरा करणार होतो. कसला होतोय! पॅसेजमध्ये सकाळपासून चेनवाल्यांची रांग. एक बाई तर प्रवासाची बॅग घेऊन आली, चेन बंद होते पण मागून उघडत येते, म्हणून रडकुंडीला आलेली. त्यावर हिचं भाषण. नवी चेन नको, रनर सैल झालाय, पक्कड दे, नाही तुम्ही नका उठू, ते उठतील. ते म्हणजे मी. उठून पक्कड दिली.

इतका संताप आला की 'घरातला गोंगाट: एक तक्रार' वीस मिनिटांत लिहून टाकला. जे चाललं होतं ते सगळं उतरवलं. रनरच्या दोन्ही कडा पकडीने कशा हळूच दाबतात, एकदम जोर का द्यायचा नाही, प्रत्येक दाबानंतर चेन ओढून का बघायची, दातांवर मेणबत्ती कुठवर घासायची. एका विचारवंताला काय काय ऐकावं लागतं, हे जगाला कळू दे. न तपासता टाकला. मन हलकं झालं.

१४ मार्च, शनिवार
नऊ साइटना 'मन नावाची टाकी' पाठवला होता. एकीने छापला. शोभेचे मासे पाळणाऱ्यांची आहे. त्यांनी लेखाखाली टीप दिली की यात तापमानाचा उल्लेख राहून गेला आहे.

आज वाचक १९. बघा. लाइनी भरायला लागल्या.

१७ मार्च, मंगळवार
३८!

१९ मार्च, गुरुवार
७१. ईमेलपत्रं, पत्रकं आणि मासेवाले यांचा एकत्रित परिणाम. सखोल तपशिलात जात नाही. तीस वर्षांत एक शिकलो, पाणी येत असेल तेव्हा पाइप उकरू नये.

२१ मार्च, शनिवार
१०४. पहिला दिवस मोजायला सुरुवात. हिला सांगितलं. ही कपड्याला टाचण्या लावत होती, तोंडात टाचण्या असल्यामुळे अभिनंदन करता आलं नसावं.

२४ मार्च, मंगळवार. रात्री जेवणानंतर
१०९, १११, आणि आज ११७. चार दिवस झाले, अजून तीन. आज ही टेप घेऊन पॅसेज पुन्हा मोजत होती. स्टूल कुठे सरकवला तर माणसाचे गुडघे दाराला लागणार नाहीत, ते बघत होती. तीन इंच निघाले. मला जरा वाईट वाटलं. पण शब्द म्हणजे शब्द, आणि तो माझा नाही, तिघांचा आहे.

इतरांनाही मार्गदर्शन व्हावं म्हणून पुस्तिका लिहायला घेतली: 'पाच लाइनी'. पाचवी अजून सुचलेली नाही. पहिल्या प्रकरणात कुठून किती वाचक आले याचा तक्ता देईन. उद्या अहवाल उघडतो.

२५ मार्च, बुधवार
अहवाल उघडला.

आजचे ११८. त्यातले ११३ 'घरातला गोंगाट'वर. सगळे सर्चमधून. काय शोधत आले तेही दिसतं: 'चेन मागून उघडते', 'बॅगेची चेन बंद होत नाही', 'रनर सैल उपाय'. उरलेले पाच इकडे तिकडे. पत्रकांतून शून्य. माशांतून एक.

 खाली उतरलो तर हेडमास्तर भेटले. पाठीवर थाप मारून म्हणाले, वा, काय लिहिलंय, माझ्या जाकिटाची चेन पाच मिनिटांत झाली, पहिल्यांदाच तुमचा आशय स्पष्ट आहे. बाकीचे लेख वाचले का विचारलं. म्हणाले, बाकीच्या चेनी ठीक आहेत माझ्या.

म्हणजे माझ्या लाइनीवर हे लोक येऊन चेन दुरुस्त करून निघून जातायत. 'जीवनप्रवाह'कडे ढुंकूनही बघत नाहीत. याला आमच्या खात्यात एकच शब्द आहे: अनधिकृत कनेक्शन.

२६ मार्च, गुरुवार. सकाळी ६.३०
रात्रभर विचार केला. आयुष्यात चारशे बारा अनधिकृत कनेक्शनं तोडली. एकदाही मागे हटलो नाही, आज घरच्याच लाइनीवर कसा हटेन? शिवाय शास्त्र आहे. अनधिकृत जोडणी तोडली की बाकीच्या लाइनीत दाब वाढतो. ते ११३ कुठे जातील? मागच्या आठवड्यात टाकलेल्या 'दाब आणि माणूस'वरच येणार.

'घरातला गोंगाट' काढून टाकला. कायमचा का, असं विचारलं संगणकाने. हो म्हटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा हो.

२६ मार्च. रात्री
वाचक २३. शिल्लक पाणी निघून जातंय.

२७ मार्च, शुक्रवार
४. लाइन भरायला वेळ लागतो.

२८ मार्च, शनिवार
३. दाब अजून आलेला नाही.

२९ मार्च, रविवार
न्हाव्याकडे गेलो. तो म्हणाला, आता कापायला काय आहे?

३१ मार्च, मंगळवार
लेक आली. आकडे पाहिले. तिने एवढंच विचारलं की चेनचा लेख कुठाय. मी अनधिकृत कनेक्शनचं शास्त्र सांगितलं. तिने आकड्यांचं पान मिटलं. मग म्हणाली, बाबा, कोणत्याही ॲपने पाठवलेली नव्हती ती माणसं. आपल्या पायांनी रोज येत होती, वर्षानुवर्षं आली असती. तुम्हाला हवी होती ती लाइन तीच, आणि ती तुम्ही तोडलीत. परत आणता येते का, मी विचारलं. नाही. त्याने दोनदा विचारलं होतं.

हिने खोलीचा विषयच काढला नाही. विचारलं, मेणबत्तीचं लिहिलं होतं का. म्हटलं हो. आणि एकदम जोर द्यायचा नाही, ते? तेही होतं. मग म्हणाली, शंभर माणसं रोज माझं वाचत होती आणि तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाही, अहो.

 लाज वाटली, हे इथे लिहून ठेवतो. इथे कोणी वाचत नाही.

मशीन मी स्वतः ढकलत आत नेलं. एक चाक दाराच्या उंबऱ्यावर अडकलं तेव्हा पलीकडून हिने उचललं.

१६ एप्रिल, गुरुवार. दुपारी
पॅसेज तसा वाईट नाही. प्रकाश कमी आहे, पण चिंतनाला प्रकाश कशाला. स्टुलावर बसतो. आतल्या खोलीत गिऱ्हाईक आलं की मला उठून वाट द्यावी लागते. बाथरूमला कोणी निघालं तरी उठावं लागतं.

हिने आता स्वतःचं पान काढलंय. ही बोलते, लेक फोनवर ऐकून उतरवते. चेन, मग बटणांची काजं, मग फाटलेली बाही. काल १४३ वाचक. बॅगवाल्या बाईने आपल्या सगळ्या नात्यात पाठवलं. दुरुस्त कपड्याच्या पिशवीत ही एक चिठ्ठीही टाकते, त्यावर पानाचा पत्ता. पिशवी घरी उघडतात तेव्हा माणसाचे दोन्ही हात मोकळे असतात. पाचवी लाइन म्हणतात ती हीच, पण मला कोणी विचारलं नाही.

'जीवनप्रवाह'वर आज वाचक २. मी नव्हे, माझा आकडा हलतच नाही. उत्सुकतेने अहवाल उघडला. दोघंही एकाच ठिकाणाहून आले होते: हिच्या पानावरून. जाऊन पाहिलं. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत एक ओळ आहे: 'आमचे हेही लिहितात.' आणि त्यावर माझी लिंक.

म्हणजे सध्या माझा सगळा पुरवठा एका लाइनीवर आहे.

आत गेलो. म्हटलं, ते तळाचं कनेक्शन राहू देशील ना? ही मान वर न करता म्हणाली, बघू, आधी यात दोरा ओवून द्या.

चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून पाहिलं. चौथ्या खेपेला गेला.