माझ्या थोरल्याच्या भावास

मी, खाली सही करणारी, बाजारामागच्या गल्लीतल्या लाँड्रीची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकीलसाहेब म्हणतात की कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकली असती ती माणसे माझ्याआधीच गेली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण ज्याला सगळे द्यायचे होते तो एकच होता आणि त्याला कागद लागला नसता.

माझी सर्व मिळकत स्वकष्टाची आहे. वाडवडिलांकडून मला काही आलेले नाही. तिची व्यवस्था पुढीलप्रमाणे करावी.

कलम १. खालची लाँड्री, बॉयलर, दोन्ही इस्त्र्या, लाकडी टेबल आणि मागच्या अंगणातल्या दोऱ्या माझ्याबरोबर काम करणाऱ्या इस्त्रीवालीला द्याव्यात. ती मला मालकीणबाई म्हणत नाही, मीच म्हणू दिले नाही. तिने दुकानाची पाटी बदलली तरी माझी हरकत नाही. फक्त गिऱ्हाइकांशी भांडताना हातातली इस्त्री खाली ठेवावी, हे मी तिला तोंडी अनेकदा सांगितले आहे, आता लेखी सांगते.

कलम २. लाँड्रीवरच्या दोन खोल्या, त्यातले सामान आणि बँकेतली शिल्लक धाकट्याला द्यावी.

इथे वकीलसाहेबांनी पेन थांबवायला लावले. “हे आपले कोण?”

“माझ्या थोरल्याचा भाऊ.”

“म्हणजे आपला मुलगा?”

“नाही.”

ते चष्मा पुसत म्हणाले, “मग जरा खुलासा लिहा. उद्या कोणी आडवं आलं तर कामाला येईल.” आडवे यायला माझे कोणी उरलेले नाही. तरी खुलासा लिहिते.

मी ऐन तारुण्यात एका लाकडाच्या वखारीच्या मालकांकडे घरकामाला लागले. मालक फार देवभक्त. रोज संध्याकाळी घरच्यांना आणि वखारीतल्या माणसांना बसवून धर्मग्रंथातल्या कुलपित्यांच्या गोष्टी वाचून दाखवायचे. देवाने एका म्हाताऱ्या, निपुत्रिक कुलपित्याशी करार केला, तारे मोजायला सांगितले आणि म्हणाला, इतकी तुझी संतती होईल. मालकांना वाटायचे, हे वचन त्यांनाही आहे. मूल मात्र होत नव्हते. त्यांच्या बायकोला मी ताई म्हणायचे. एके दिवशी स्वयंपाकघरात ताईंनी माझा हात धरला.

“त्या गोष्टीतल्या कुलपित्याच्या बायकोनंही, मूल होईना म्हणून, आपल्या दासीला नवऱ्याकडे पाठवलं होतं. आपण काही वावगं करत नाही.”

मी विचारले, “मग त्या दासीचं पुढे काय झालं?”

“तिला मुलगा झाला.”

“आणि नंतर?”

ताई म्हणाल्या, “ते पान अजून यायचंय.”

मला तेव्हा वाचता येत नव्हते. मला विचारले असे म्हणता येणार नाही. हो म्हणायला सांगितले. मालकांनी ग्रंथावर हात ठेवला आणि म्हणाले, “तुझं मूल या घराचं, आणि तूही या घराची. हा देवासमोर केलेला करार आहे.”

मला मुलगा झाला. मालक त्याला पहिल्या दिवसापासून थोरला म्हणू लागले. धाकटा कुठेच नव्हता, पण मालकांची श्रद्धाच तशी, पुढचा हिशेब आधीच धरून चालणारी. आणि खरेच, पुष्कळ वर्षांनी, डॉक्टरांनी हात टेकल्यावर ताईंना दिवस गेले आणि धाकटा झाला.

थोरल्याला धाकट्याचे वेड होते. खांद्यावर घेऊन ओंडक्यांच्या राशींभोवती पळायचा, आणि धाकटा उचकी लागेपर्यंत हसायचा. एकदा ताई ते खिडकीतून बघत उभ्या राहिल्या. रात्री त्यांनी मालकांना सांगितले, “उद्या वाटणीला हा माझ्या मुलाच्या बरोबरीनं बसेल. मला हे दोघं घरात नकोत.”

सकाळी मालकांनी स्वतः पाव बांधून दिले, पाण्याचा कॅन भरला. थोरल्याला वाटले कुठेतरी पाहुणे म्हणून चाललोय. “बाबा, धाकट्याला नेऊ?” मालक माझ्याकडे वळले. मला म्हणाले, “देवानं सांगितलंय, तुमचं तो बघेल.”

मी म्हणाले, “आणि तुम्ही?”

मालकांनी कॅनचे झाकण पुन्हा एकदा घट्ट केले.

पुढच्या गावाच्या अलीकडे पाणी संपले. ऊन असे की डांबर चपलेला चिकटत होते. थोरला एका झुडपाच्या सावलीत कोसळला. त्याच्याकडे बघवेना म्हणून मी लांब जाऊन, पाठ करून बसले. ग्रंथातल्या गोष्टीत या जागी देवदूत येतो. माझ्याकडे आली ती हातगाडीवर कपड्यांचे गाठोडे घेऊन जाणारी एक धोबीण.

“पोरगं कुणाचं?”

“माझं.”

“मग तिकडं तोंड करून काय बसलीस? ऊठ!”

तिने त्याच्या तोंडात पाणी घातले, आम्हाला गाडीला धरून चालवले आणि आपल्या घरी आणले. तेच हे घर. ती तोंडाची फटकळ होती. कपडे भट्टीला लावायला, कडक इस्त्री करायला आणि वाचायला तिने शिकवले, तिन्ही शिव्या देत. पुढे तिच्याकडूनच मी हे दुकान घेतले.

मालकांच्या वखारीची गाडी महिन्यातून एकदा या रस्त्याने जायची. थोरला हातातले काम टाकून दाराशी धावायचा आणि ड्रायव्हरला विचारायचा, “काका, धाकटा अजून तसाच हसतो का?” ड्रायव्हर म्हणायचा, “हसतो की!” तेवढ्यावर पोराचा महिना निघायचा. मोठा झाला, विहिरी खणणाऱ्या टोळीत लागला, त्याला मिशा आल्या, तरी विचारायचा.

एका विहिरीची कड ढासळली तेव्हा तो तळाशी होता. बाकीचे वर आले.

मी त्याच ड्रायव्हरबरोबर मालकांना निरोप धाडला. परत आल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “मालकांनी ऐकलं. टोपी काढली. मग म्हणाले, लाकूड उतरवा.” थोरल्याच्या मातीला त्याच्या बापाच्या घरून कोणी आले नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, ऐन गर्दीच्या वेळी, कानशिलावर केस पिकलेला एक माणूस काउंटरपुढे उभा राहिला. मी मान वर न करता हात पुढे केला. “पावती?”

“पावती नाही. माझा दादा इथे राहतो का?”

मी इस्त्री बाजूला ठेवली. तो म्हणाला, “मावशी, बाबा गेले. शवपेटी आम्ही दोघं मिळून उचलणार, असं सगळ्यांना सांगून आलोय.”

थोरला गेल्याचे मालकांनी मुलाला सांगितलेच नव्हते. ते मला सांगावे लागले. तो मळक्या कपड्यांच्या ढिगावरच बसला. इस्त्रीवालीने दुकानाचे दार लावून घेतले. मग तो बोलू लागला.

“तुम्हाला घालवल्यावर मी रोज देवाला सांगायचो, दादाला परत आण. मग एक दिवस बाबा मला टेकडीवर घेऊन गेले. मोळी माझ्या पाठीवर, दोर आणि सुरी त्यांच्याकडे. गोष्ट मला पाठ होती, मावशी. त्या गोष्टीतल्या बापाकडेही देवानं मुलाचा बळी मागितला होता, आणि ऐन वेळी मुलाऐवजी झुडपात मेंढा सापडला होता. म्हणून बाबा मला बांधत होते तेव्हा मी झुडपांकडेच बघत होतो.”

“मग?”

“मेंढा नव्हता. बाबांनी सुरी खाली ठेवली. त्यांनी दोर सोडला, मला उचलून खाली आणलं, आणि म्हणाले, आईला सांगू नकोस.” तो तळहात गुडघ्यांवर घासत राहिला. “त्या दिवसापासून मी देवाला सांगायला लागलो, दादाला परत आणू नकोस. आहे तिथंच राहू दे त्याला. मावशी, ते ऐकलं गेलं का हो?”

मी म्हणाले, “नाही रे राजा. विहिरीची माती ओली होती, एवढंच.”

मग मी त्याला थोरला ड्रायव्हरला काय विचारायचा आणि ड्रायव्हर काय उत्तर द्यायचा ते सांगितले. धाकटा म्हणाला, “काका खोटं बोलायचे.” आणि त्याला रडू फुटले.

मी त्याच्याबरोबर गेले. पेटीची पुढची एक कडी त्याने कोणाला धरू दिली नव्हती. ती मी धरली. मालकांसाठी नव्हे.

तेव्हापासून धाकटा दर महिन्याला येतो, मला दवाखान्यात नेतो, लाँड्रीतल्या दोऱ्या बांधतो आणि थोरल्याच्या लहानपणच्या त्याच त्याच गोष्टी पुन्हा ऐकतो. वकीलसाहेब, झाला खुलासा.

कलम ३. मालकांचा ग्रंथ धाकट्याने मला आणून दिला होता. तो त्याच्या मुलीला द्यावा. ग्रंथावर माझा राग नाही. मी तो सगळा वाचला आहे. देव त्या दासीशी रानात बोलतो, तिच्या मुलाचा आवाज ऐकतो, त्यालाही वचन देतो. ते पान मालकांनी संध्याकाळच्या वाचनात कधी घेतले नाही. मुलीने ते आपल्या बापाला मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ४. रागलोभाची व्यवस्था. ताईंना मी माफ केले आहे. आपल्या पोराच्या वाट्याची भीती काय असते ते मला कळते. मालकांना केलेले नाही. त्यांना भीती नव्हती, खात्री होती. हा राग कोणाच्याही नावे करत नाही. तो माझ्याबरोबर जाईल. धाकट्याने बापावर रागवावे की नाही हे त्याचे त्याने ठरवावे, माझे मन राखण्यासाठी काही करू नये.

कलम ५. मला थोरल्याशेजारी पुरावे. धाकट्याची इच्छा आहे की थोरल्याला तिथून काढून मालकांनी दफनभूमीत घराण्यासाठी घेतलेल्या जागेत, बापाच्या उजव्या हाताला ठेवावे. तो स्वतःसाठी राखलेली जागा द्यायला तयार आहे. त्याचे मन मोठे आहे आणि हे लिहिताना समोर बसलेल्या त्याच्या तोंडाकडे मला बघवत नाही. पण माझी सक्त मनाई आहे. माझ्या लेकराला एकदा झोपेतून उठवून, कुठे चाललोय ते न सांगता घराबाहेर काढले होते. आता त्याला कोणी उठवू नये.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. तो खरा आहे आणि माझा आहे.

सही: थोरल्याची आई

साक्षीदार, आमच्या समक्ष सही केली:
१. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर (सही)
२. प्रार्थनाघराचे पाळक (सही)

ठिकाण: लाँड्रीवरची पुढची खोली
तारीख: थोरल्याच्या वाढदिवशी, दुपारी